डेलिलीचे बी घरी पेरताना: माती, थंडावा, पेरणी आणि रोपांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेलिली वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे जुना ठोंब उकरून त्याचे भाग करणे. बियांचा मार्ग लांबचा आहे, पण नवे फूल फक्त त्याच मार्गाने मिळते. या वाटेवर जेवढे बी थंडावा न मिळाल्याने वाया जाते, त्याहून कितीतरी जास्त बी पाणी साचल्याने कुजते. म्हणून खालच्या उत्तरांत निचऱ्याचा विषय वारंवार येईल.

डेलिली ही लिलीच ना? मग तिला कंद का नसतो?

लिली नव्हे. खरी लिली लिलियम या प्रजातीतली, खवल्यांच्या कंदातून उगवणारी. डेलिली हेमेरोकॅलिस या वेगळ्या प्रजातीतली. तिला जाड, मांसल मुळांचा झुपका असतो आणि पाने थेट त्याच्या माथ्यावरून फुटतात. हा फरक लागवडीत महत्त्वाचा ठरतो. कंदवाल्या लिलीसाठी सांगितलेली १५ सेंमी वगैरे खोली डेलिलीला दिली, तर पाने आणि मुळे जुळतात तो भाग, ज्याला क्राउन म्हणतात, मातीत गाडला जातो. झाड मग नुसते रखडते, नाहीतर कुजते.

बियांपासून आईसारखेच फूल येईल का?

नाही. बागेतल्या जवळजवळ सगळ्या डेलिली अनेक पिढ्यांच्या संकरातून आलेल्या आहेत. एकाच बोंडातल्या दहा बियांतून दहा वेगळी झाडे निघतात: रंग वेगळा, उंची वेगळी, फुलण्याचा काळही वेगळा. ‘स्टेला द ओरो’ या वाणाला बोंडे सहज धरतात, पण त्यातून पुन्हा ‘स्टेला द ओरो’ मिळत नाही. स्वपरागणातून आलेल्या बियांचीही हीच गोष्ट. हुबेहूब तेच झाड हवे असेल तर ठोंबाची विभागणी करा. काही वाणांच्या फुलदांड्यावर छोटी रोपे फुटतात, तीही आईचीच प्रत असतात. दांड्याचा तुकडा ठेवून ती कापून मातीत रुजवता येतात.

पाकिटावर विशिष्ट वाणाचे नाव आणि फुलाचा फोटो छापून कुणी बी विकत असेल, तर तो फोटो फार तर आईचा आहे असे धरा. निळ्या डेलिलीचे बी म्हणून काही विकले जात असेल तर घेऊ नका. शुद्ध निळी डेलिली अस्तित्वात नाही.

आमच्या झाडाला फुले भरपूर येतात, पण बोंड एकही धरत नाही. का?

पहिली शक्यता जातीची. जुन्या बागांत सर्रास दिसणारी नारिंगी डेलिली बहुधा त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली असते. तिच्या गुणसूत्रांच्या जोड्या नीट लागत नाहीत, त्यामुळे बी धरत नाही. तिचा प्रसार जमिनीखालच्या धावत्या फुटव्यांनीच होतो.

दुसरी शक्यता जोडीची. डेलिलीचे द्विगुणित वाण २२ गुणसूत्रांचे, चतुर्गुणित ४४ गुणसूत्रांचे. या दोन गटांचा आपसांत संकर व्यवहारात जमत नाही: बोंड धरल्यासारखे वाटते आणि काही दिवसांत गळते. वाणाची नोंद पाहून दोन्ही पालक एकाच गटातले निवडा.

तिसरी शक्यता उष्म्याची. कडक उन्हाळ्यात दुपारी केलेले परागण बहुतेक फुकट जाते. सकाळी फूल पूर्ण उमलले आणि परागकण भुरभुरीत झाले की लगेच काम करा. फुलात सहा पुंकेसर असतात आणि त्यांच्यापेक्षा लांब, टोकाला वर वळलेला एक स्त्रीकेसर. वडील-फुलाचा एक पुंकेसर चिमट्याने तोडा आणि त्याची पिवळी पूड आई-फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकावर लावा. देठाला नावाची चिठ्ठी बांधा. दुसऱ्या दिवशी फूल कोमेजेल, ते ओढून काढू नका, आपोआप गळू द्या. आठवडाभरात देठाशी हिरवी गाठ फुगू लागली तर परागण लागले. त्यानंतरही काही बोंडे गळतात. म्हणून एका संकरासाठी चार-पाच फुले परागित करणे शहाणपणाचे.

बोंड कधी तोडावे?

परागणापासून साधारण ४० ते ६० दिवसांनी. दिवस मोजण्यापेक्षा बोंडाकडे बघा: हिरवा रंग तपकिरी होतो, टोकाशी तीन फाकांत चिरा पडतात, आतले काळे बी दिसू लागते. चीर दिसली की त्याच दिवशी काढा. नाहीतर एका वाऱ्यात बी जमिनीवर सांडते. रोज बघणे जमणार नसेल तर बोंडावर जाळीची छोटी पिशवी बांधून ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमटपणा साचतो.

चांगले बी कसे ओळखायचे?

काळे, चकचकीत, गोलसर आणि बोटांत दाबल्यावर टणक. दबते, पिचते किंवा दाबताच पाणी सोडते ते मेलेले. वाळताना बियांवर थोड्या सुरकुत्या किंवा खळगे पडतात, त्याने काही बिघडत नाही. भिजवल्यावर ते पुन्हा फुगते. पाण्यावर तरंगते म्हणून मात्र बी फेकू नका. डेलिलीच्या बाबतीत तरंगण्याची परीक्षा भरवशाची नाही, टणकपणा बघावा.

साठवण कशी करायची?

सावलीत, हवेशीर जागी, कागदावर पाच ते सात दिवस वाळवा. मग कागदी पाकिटात घालून, संकराचे नाव आणि तारीख लिहून, झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. ओलसर बी बंद पिशवीत ठेवले की बुरशी ठरलेली. असे साठवलेले बी वर्षभर चांगले उगवते. त्यानंतर उगवण हळूहळू घटते, तरी दोन-तीन वर्षांचे बी टाकून देण्याआधी पेरून बघावे. खोलीच्या उष्णतेत, उघड्यावर पडलेले बी फार लवकर दगावते.

थंडावा द्यावाच लागतो का?

प्रत्येक बियाला नाही, पण द्यावा. कारण असे: थंडीत पाने पूर्ण वाळवून जमिनीत दडणारे जे वाण आहेत, त्यांच्या बियांत सुप्तावस्था खोल असते. पडल्या पडल्या उगवून कडाक्याच्या थंडीत मरू नये, म्हणून बी थंड आणि ओलसर काळ सरेपर्यंत थांबते. बारा महिने हिरव्या राहणाऱ्या वाणांचे ताजे बी मात्र बऱ्याचदा थेट पेरूनही दोन आठवड्यांत वर येते. आजच्या संकरांत दोन्हीकडचे रक्त मिसळलेले असल्यामुळे एकाच बोंडातले तीन बी आठवड्यात उगवतात आणि उरलेले दोन महिने लोळत पडतात. थंडावा दिला की उगवण एकसारखी होते. हाच त्याचा खरा फायदा.

यात एक गैरसमज फार पसरलेला आहे. कोरडे बी फ्रिजमध्ये वर्षभर ठेवले म्हणजे थंडावा मिळाला, असे नाही. ती झाली साठवण. सुप्तावस्था मोडायला बियाने आधी पाणी शोषलेले असावे लागते आणि मग थंडी लागते.

फ्रिजमध्ये थंडावा देण्याची नेमकी पद्धत काय?

बी साध्या पाण्यात १२ ते २४ तास भिजवा. व्हर्मिक्युलाइट (ओल धरणारे हलके खनिज) किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ओले करून मुठीत घट्ट पिळा. बोटांतून पाणी ठिबकायचे थांबेल इतकेच ओल ठेवा. झिपच्या पिशवीत त्याच्या दोन-तीन मुठी घाला, त्यात बी मिसळा, थोडी हवा आत राहू द्या आणि पिशवी बंद करा. नाव आणि तारीख पिशवीवर लिहा. फ्रिजच्या मुख्य कप्प्यात, २ ते ५ अंश सेल्सिअसला, चार ते सहा आठवडे ठेवा. टिश्यू पेपरही चालतो, पण मोड आले की मुळे त्याच्या धाग्यांत अडकतात आणि सोडवताना तुटतात. म्हणून आम्ही व्हर्मिक्युलाइटच्या बाजूने आहोत.

दर आठवड्याला पिशवी उघडून एकदा बघा, हवाही बदलते.

फ्रीझरमध्ये ठेवू नका. पाणी शोषलेल्या बियात बर्फ झाला की पेशी फुटतात.

फ्रिजमधल्या बियांवर पांढरी बुरशी आली. सगळे गेले का?

बहुधा नाही. बुरशी अनेकदा बियाच्या सालीला चिकटलेल्या कोंड्यावर वाढते. बी बाहेर काढा, एकेक दाबून बघा, मऊ झालेले फेका. टणक उरलेले बी १ टक्का हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दहा मिनिटे बुडवा, साध्या पाण्याने धुवा आणि नव्या, कमी ओल्या माध्यमात परत ठेवा. ३ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे दोन भाग मिसळले की १ टक्क्याचे द्रावण होते. बुरशी पुन्हा आली तर माध्यम अजूनही जास्त ओले आहे.

फ्रिजमध्येच मोड आले तर?

त्याच दिवशी पेरा. आधी पांढरे टोक बाहेर येते, ते मुळाचे. हिरवा कोंब त्यानंतर, बियाला लागूनच वर निघतो. पेन्सिलने भोक पाडून पांढरे टोक खाली जाईल असे अलगद ठेवा. बोटांऐवजी बोथट चिमटा वापरा आणि बी धरा, मूळ नको. मूळ तुटले तर ते बी सहसा सावरत नाही.

पेरणीचे मिश्रण कशाचे करावे?

बियाला खताची गरज नाही. पहिली खुराक त्याच्या पोटातच असते. त्याला हवी ओल, हवा आणि बुरशीमुक्त माध्यम. घरी करायचे तर मापाने (वजनाने नव्हे) असे घ्या: कोकोपीट दोन भाग, परलाइट (तापवून फुगवलेले पांढरे, हलके खनिज) एक भाग, व्हर्मिक्युलाइट एक भाग. परलाइट वापरण्याआधी पाणी शिंपडा, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका.

कोकोपीटबद्दल एक सावधगिरी. स्वस्त विटांमध्ये क्षार बरेच असतात. अशा कोकोपीटमध्ये बी उगवते, पण पानांची टोके जळतात आणि मुळे पुढे सरकत नाहीत. वीट भरपूर पाण्यात फुलवा, रात्रभर ठेवा, कापडातून पिळून पाणी फेका, आणि हे दोन-तीन वेळा करा. धुतलेले म्हणून मिळणारे कोकोपीटही एकदा धुतलेले बरे.

गांडूळखत घालायचेच असेल तर चाळून, एकूण मिश्रणाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको. अर्धवट कुजलेले शेणखत पेरणीच्या मिश्रणात अजिबात नको.

बागेतलीच माती ट्रेमध्ये भरली तर काय होते?

मोकळ्या जमिनीत भुसभुशीत असलेली माती दहा सेंमीच्या कुंडीत पाणी धरून बसते, कारण खाली पाणी ओढून घेणारा थरच नसतो. चार वेळा पाणी दिले की ती दबते आणि हवा संपते. शिवाय तिच्यात तण, किडी आणि रोपे कोलमडवणाऱ्या बुरशी आयत्या येतात. वाफ्यासाठी जी माती उत्तम, ती ट्रेसाठी वाईट असू शकते.

कुंडी केवढी, बी किती खोल आणि किती अंतरावर?

डेलिलीचे मूळ पहिल्याच महिन्यात सरळ खाली जाते, म्हणून उथळ ट्रेपेक्षा खोल भांडे घ्या. १० सेंमी रुंद, १२ सेंमी खोल कुंडीत सहा ते आठ बी बसतात. जुन्या कुंड्या आधी साबणाने धुवा, मग एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात दहा मिनिटे बुडवा आणि स्वच्छ पाण्याने खंगाळा. तळाला भोके हवीतच. भोकांवर खडे किंवा खापऱ्यांचा थर देण्याची गरज नाही. त्याने निचरा वाढत नाही, उलट ओल थोडी वर सरकते आणि मुळांची जागा कमी होते.

मिश्रण आधी ओलसर करून घ्या, काठाखाली दोन सेंमीपर्यंत भरा आणि कुंडी जमिनीवर दोनदा आपटा. हाताने दाबू नका. एक ते दीड सेंमी खोल, अडीच सेंमी अंतरावर बी ठेवा, वरून मिश्रण भुरभुरवा. मग कुंडी पाण्याच्या ताटलीत उभी करून वरचा पृष्ठभाग ओला दिसेपर्यंत खालून पाणी पिऊ द्या, नंतर उचलून निथळत ठेवा. झारीचा जोरदार झोत मारला तर सगळे बी एका कोपऱ्यात जमते आणि काही उघडे पडते.

उगवणीसाठी ऊब आणि उजेड किती हवा?

माध्यमाचे तापमान १८ ते २४ अंश. ३० च्या वर गेले की उगवण मंदावते आणि कुजण्याचे प्रमाण वाढते. म्हणून तापलेल्या खिडकीत प्लॅस्टिकखाली झाकलेली कुंडी ठेवू नका, आतले तापमान बघता बघता चढते. उगवायला उजेड लागत नाही. पण कोंब दिसला की त्याच दिवसापासून लागतो. खिडकीचा उजेड अपुरा असेल तर एलईडी दिवा पानांपासून १५ ते २० सेंमीवर, रोज १४ ते १६ तास.

किती दिवसांत उगवते? महिना झाला, काहीच दिसत नाही.

थंडावा दिलेले बी सहसा एक ते तीन आठवड्यांत उगवते. न दिलेले सात-आठ आठवडेही घेते. वर काही दिसत नसले तरी खाली मूळ चाललेले असू शकते. पहिले पान गवताच्या पात्यासारखे बारीक असते. तण समजून उपटले जाते ते बहुतेक हेच. उपटण्याआधी बुडाशी माती किंचित बाजूला करा. काळे बी चिकटलेले दिसेल. रोप बराच काळ त्यातूनच अन्न ओढते, म्हणून ते बीही ओढून काढू नका.

दोन महिन्यांनंतरही काही नसेल तर एक बी उकरून दाबा. टणक असेल तर कुंडी पिशवीत घालून पुन्हा चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवा आणि परत उबेला आणा. मऊ असेल तर ओल जास्त होती.

रोपे दोन-तीन इंच वाढून बुडाशी लुळी पडतात. हे काय आहे?

ही रोपांची मर. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युजेरियम अशा मातीतल्या बुरशी कोवळ्या बुडावर हल्ला करतात. जमिनीलगत तपकिरी, पाणचट, आवळल्यासारखा पट्टा दिसतो आणि वरचे पान हिरवे असतानाच रोप आडवे होते. पडलेले रोप वाचत नाही. त्याच्या भोवतालच्या मातीसकट चमच्याने काढून फेका.

बुरशी बहुतेक ठिकाणी असतेच. तिला संधी कशाने मिळाली ते शोधा. नेहमीची कारणे, आमच्या मते याच क्रमाने: सतत ओला पृष्ठभाग, उगवण झाल्यावरही न काढलेले प्लॅस्टिकचे झाकण, कोंडलेली हवा, अति दाट पेरणी, आणि लवकर दिलेले नत्र. अर्धी रोपे उगवताच झाकण काढा, छोटा पंखा थेट झोत न मारता जवळून फिरू द्या, आणि पाणी सकाळी, खालून द्या. वरचा एक सेंमी थर सुकल्याशिवाय पुढचे पाणी नाही. मिश्रणात पेरणीआधी ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळण्याचा प्रतिबंधाला उपयोग होतो. रोग दिसल्यावर घालून फारसा नाही. वर दालचिनीची पूड भुरभुरवण्याचा सल्ला बराच फिरतो. ओल तशीच ठेवून त्याच्या भरवशावर राहू नका.

कुंडीभोवती बारीक काळ्या माश्या उडत असतील तर तेही जास्त ओलीचेच लक्षण. त्यांच्या अळ्या कोवळी मुळे खातात. पृष्ठभाग सुकू द्या आणि पिवळे चिकट सापळे लावा.

एक रोप पूर्ण पांढरे आले आहे.

हरितद्रव्य नसलेले रोप आहे. बियातला साठा संपला की दोन-तीन आठवड्यांत मरते. त्यात तुमची चूक नाही आणि उपायही नाही.

थेट वाफ्यात पेरले तर चालेल का?

चालते, पण उगवण कमी आणि गोंधळ जास्त. गोठवणारी थंडी पडते तिथे थंडीच्या तोंडावर दीड-दोन सेंमी खोल पेरले की थंडावा निसर्गच देतो आणि बी वसंतात वर येते. उंदीर, पक्षी आणि पावसाचा मारा यासाठी वर बारीक जाळी लावा. जिथे गोठण नसते तिथे फ्रिजमध्ये थंडावा द्या आणि उन्हाचा तडाखा उतरल्यावर पेरा, म्हणजे रोपांना पुढे थंड महिने मिळतील. भर उन्हाळ्यात पेरणे टाळा. दोन्हीकडे कुंडीत सुरुवात करून मग रोपे वाफ्यात नेणे जास्त हमखास. मोजकेच, मोलाचे बी असेल तर दुसरा विचारच नको.

वाफ्याची माती कशी तयार करायची?

हे काम रोपे तयार होण्याच्या महिनाभर आधी उरका. जागा अशी निवडा जिथे किमान सहा तास ऊन मिळते आणि मोठ्या झाडांची मुळे पोहोचत नाहीत.

आधी निचरा तपासा. ३० सेंमी खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, मग पुन्हा भरून पट्टी लावून मोजा. तासाला अडीच सेंमी किंवा जास्त उतरले तर ठीक. त्याहून कमी असेल तर तिथे २० ते २५ सेंमी उंच गादीवाफा करा. खड्ड्यातच खत-माती सुधारून भागत नाही, कारण भोवतालच्या घट्ट जमिनीतले पाणी त्या मऊ खड्ड्यात येऊन साचते.

खणणे वाफशावर. मूठभर माती दाबा आणि अंगठ्याने टोचा. फुटली तर खणा, गोळा तसाच राहिला तर दोन दिवस थांबा. ओल्या चिकण मातीत कुदळ घातली की अशी ढेकळे होतात जी वर्षभर फुटत नाहीत. २५ ते ३० सेंमी खणा, तणांची मुळे, विशेषतः हरळी आणि लव्हाळ्याच्या गाठी, वेचून काढा. डेलिलीच्या झुपक्यात एकदा हरळी घुसली की ठोंब उकरल्याशिवाय ती निघत नाही.

मग पूर्ण कुजलेले कंपोस्ट किंवा शेणखत पाच ते सात सेंमी जाड पसरा आणि खणलेल्या सगळ्या थरात मिसळा. एका चौरस मीटरला ५० ते ७० लिटर लागते. खत कुजले आहे की नाही ते नाकाला कळते: कुजलेल्याला मातीचा वास येतो आणि ढीग आतून गरम लागत नाही. ताजे शेण क्षार आणि अमोनियाने कोवळी मुळे जाळते. लाकडाचा ताजा भुसा मिसळला तर तो कुजताना नत्र ओढून घेतो आणि रोपे फिकट पडतात. तो वरून आच्छादन म्हणून चालतो, आत नाही.

चिकण माती मोकळी करायला थोडी वाळू मिसळणे ही हमखास फसणारी युक्ती. थोड्या वाळूने चिकण माती आणखी दगडासारखी होते. तिला कंपोस्टच लागते, आणि ते दर वर्षी. रेताड मातीलाही कंपोस्टच, कारण तिथे ओल टिकत नाही.

मातीचा सामू (पीएच) ६ ते ७ च्या दरम्यान असावा. चुनखडीच्या जमिनीत तो ८ च्या आसपास जातो. तिथे लोह असूनही मुळांना मिळत नाही, नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. गंधकाने सामू उतरतो, चुन्याने चढतो, पण माती न तपासता यातले काहीही टाकू नका. गंधकाचा परिणाम दिसायला काही महिने लागतात आणि उतावळेपणी मात्रा दुप्पट केली जाते. चुनखडी फार असेल तर तयार मिश्रणाचा गादीवाफा सोपा पडतो.

शेवटी वाफा भरपूर भिजवा आणि दोन आठवडे सोडून द्या. माती बसते, तण उगवते, ते खुरपून टाका आणि मग लावा.

रोपे वाफ्यात कधी आणि कशी हलवायची?

तीन-चार पाने आणि १० ते १५ सेंमी उंची झाल्यावर. आधी आठवडाभर बाहेरच्या हवेची सवय लावा: पहिल्या दिवशी तासभर सावलीत, मग हळूहळू उन्हात. हे टाळले तर पाने पांढरी पडून करपतात. संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी लावा. एका कुंडीतली रोपे पाण्यात बुडवून सोडवली तर मुळे तुटत नाहीत. मुळे सरळ खाली जातील इतका खड्डा करा. पानांच्या बुडाचा पांढरा भाग जिथपर्यंत मातीत होता, तिथपर्यंतच लावा. पहिल्या फुलापर्यंतच्या निवडीसाठी १५ ते २० सेंमी अंतर पुरते. निवडलेली झाडे नंतर ४५ ते ६० सेंमीवर हलवा.

खत आणि पाणी किती?

दोन पाने येईपर्यंत खत नाही. मग समतोल विद्राव्य खत, पाकिटावरच्या मात्रेच्या एक चतुर्थांश, दर दोन आठवड्यांनी. वाफ्यात गेल्यावर वाढीच्या काळात अर्धी मात्रा चालते. नत्र जास्त झाले तर पाने लांब, मऊ, गडद हिरवी होतात आणि मावा धावून येतो.

पाणी वाफ्यात आठवड्याला सुमारे अडीच सेंमी, पाऊस धरून. म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर. रोज शिंपडण्यापेक्षा दोन वेळा खोलवर दिलेले पाणी मुळांना खाली नेते. आच्छादन पाच सेंमी, पण क्राउनपासून चार बोटे दूर.

पानांवर नारिंगी पूड दिसते.

पांढरा कागद पानाच्या खालच्या बाजूला घासा. कागदावर नारिंगी-पिवळा डाग उमटला तर तो डेलिलीचा तांबेरा. पाने कापून पिशवीत बंद करून फेका, कंपोस्टमध्ये नको. पाणी पानांवर न देता बुडाशी द्या, अंतर वाढवा. हा तांबेरा जिवंत हिरव्या पानावरच जगतो, त्यामुळे थंडीत पाने पूर्ण वाळतात तिथे तो बहुधा आपोआप तुटतो. बारमाही हिरव्या बागेत मात्र ठाण मांडतो. नवी रोपे विकत आणली तर काही आठवडे वेगळी ठेवावीत.

कोवळ्या रोपांचा मोठा शत्रू तांबेरा नसून गोगलगाय आहे. एका रात्रीत ती पात्याचे नुसते खुंट ठेवते. रात्री बॅटरी घेऊन वेचणे अजूनही सगळ्यात खात्रीचे.

घरात मांजर आहे. काही धोका?

आहे, आणि मोठा. डेलिलीची पाने, फुले, परागकण, फुलदाणीतले पाणी, काहीही मांजराच्या पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. खिडकीतल्या रोपांची गवतासारखी पाती मांजरांना चघळायला आवडतात. रोपे मांजर पोहोचणार नाही अशा बंद जागी ठेवा, नाहीतर हा उद्योगच करू नका. चघळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या. उशीर झाला की उपाय उरत नाहीत.

नावाच्या पट्ट्यांवर काय लिहावे?

आईचे नाव आधी, गुणिले चिन्ह, मग वडिलांचे नाव. खाली पेरणीची तारीख. प्लॅस्टिकच्या पट्टीवर साध्या पेन्सिलीने लिहा. मार्करची शाई उन्हात एका मोसमात उडते. पट्ट्या पक्षी उपटतात, म्हणून वाफ्याचा नकाशा वहीतही काढून ठेवा.

फूल कधी येणार? आणि पहिले फूल साधेच निघाले तर?

बहुतेक ठिकाणी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी. वाढीचा काळ लांब असलेल्या उबदार हवेत काही रोपे वर्षभरातही फुलतात. पहिल्या वर्षीच्या दांड्यावर कळ्या कमी, फूल लहान आणि आकार वेडावाकडा असतो, त्यामुळे तेवढ्यावर झाड उपटू नका. दुसऱ्या मोसमात रंग उन्हात टिकतो का, फूल सकाळी पूर्ण उमलते का, दांडा पानांच्या वर येतो का आणि एका दांड्यावर किती कळ्या धरतात ते बघा. तरीही नापसंत असेल तर जागा मोकळी करा. शंभर रोपांतून जपून ठेवावीशी वाटणारी मोजकीच निघतात, आणि पुढच्या बियांना वाफा लागणारच असतो.